अक्षरामागचे निर्णय: वेबवरील मराठीच्या अभ्यासाची प्रस्तावना

ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट भाषेला '१२३' ही अक्षरे देऊन त्यांची संख्या करायला सांगितले, तर ती 'नॅन' असे उत्तर देते. ही संख्याच नव्हे, असा त्याचा अर्थ. तीच अक्षरे पायथनच्या हाती दिली तर मुकाट्याने एकशे तेवीस मिळतात. जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारा युनिकोड हा संकेत दोन्ही भाषांना येतो. पण जावास्क्रिप्टच्या मानकाने संख्येच्या व्याकरणात इंग्रजी वळणाचे दहाच अंक घेतले आहेत, आणि पायथनच्या कर्त्यांनी युनिकोडने 'दशमान अंक' म्हणून नोंदलेले कोणत्याही लिपीतले चिन्ह चालेल असे ठरवले. गंमत इथे संपत नाही. बारा लाख चौतीस हजार पाचशे सदुसष्ट ही संख्या मराठी पद्धतीने छापून दे, असे त्याच जावास्क्रिप्टला सांगावे. ती '१२,३४,५६७' असे लिहिते, स्वल्पविरामही अचूक जागी. हिंदीसाठी मागितली तर गट लाखाकोटीचेच पडतात, पण अंक इंग्रजी येतात. जगभरच्या भाषांच्या सवयी नोंदवणाऱ्या सीएलडीआर या सामायिक माहितीकोशात मराठीचे मूळ अंक देवनागरी धरले आहेत, हिंदीचे धरलेले नाहीत. थोडक्यात, आपले अंक ब्राउझरला लिहिता येतात आणि वाचता येत नाहीत.

अशा विसंगतीला 'संगणकाची चूक' म्हणून सोडून देणे सोपे आहे. ती चूक नसते. कुणीतरी, कधीतरी, एखाद्या समितीत किंवा खुल्या चर्चेत घेतलेला तो निर्णय असतो. तो लिहून ठेवलेला असतो, कुणालाही वाचता येतो, आणि तो बदला अशी मागणीही कुणालाही करता येते. वेबवरील मजकुराचा अभ्यास म्हणजे या निर्णयांचा अभ्यास. वेब-विकासात दर महिन्याला नवी चौकट, नवे साधन, नवी घोषणा येते आणि तिच्यामागे धावताना नवख्याची दमछाक होते. माझे मत असे की या व्यवसायातले सर्वांत चकित करणारे शोध जुन्या, सवयीने दिसेनाशा झालेल्या थरांत लागतात, आणि मराठी वाचकाला त्या थरांत उतरायला हाताशी असलेली वाट म्हणजे त्याची स्वतःची लिपी.

त्यासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. मुद्रितशोधन केलेल्या माणसाला तर मी या क्षेत्राचे खास निमंत्रण देईन. रफार घसरलेला, वेलांटी भलत्या अक्षरावर बसलेली, जोडाक्षर फुटलेले त्याच्या नजरेला जितक्या लवकर दिसते तितके उत्तम प्रोग्रामरलाही दिसत नाही.

प्रथम थोडा इतिहास. सुरुवातीच्या संगणकांच्या आस्की संकेतात १२८ जागा होत्या आणि त्या इंग्रजीने भरल्या. भारतीय लिप्यांसाठी वेगळा संकेत हवा, या विचारातून इस्की घडला. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने तो आयएस १३१९४ म्हणून स्वीकारला. या कामाचे मोठे केंद्र पुण्यात होते, १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकच्या जिस्ट विभागात. इस्कीच्या कर्त्यांना एक गोष्ट नेमकी उमगली होती. ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांची वळणे वेगळी असली तरी त्यांची वर्णमाला एकाच साच्याची आहे. म्हणून संगणकात साठवायचे ते आकार नव्हेत, वर्ण. 'क' एकदा नोंदवला की तो देवनागरीत, बंगालीत किंवा तेलुगूत कसा दिसावा हे पुढचे काम. १९९१ मध्येच आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीने प्रत्येक लिपीला स्वतंत्र पट्टा दिला, पण पट्ट्यातला क्रम १९८८ च्या इस्कीवरून घेतला. देवनागरीच्या १२८ जागांच्या पट्ट्यात 'क' जितक्या अंतरावर आहे तितक्याच अंतरावर तो गुजरातीच्या आणि तेलुगूच्या पट्ट्यात सापडतो. आज जगातल्या प्रत्येक फोनमध्ये हा क्रम आहे, आणि त्याचे मूळ शोधत गेले तर वाट इस्कीपाशी येते.

मानक झाले म्हणून लगेच सगळे सुधारले, असे मात्र घडले नाही. १९९० च्या दशकात मराठी वृत्तपत्रे वेबवर आली ती आपापला फॉन्ट घेऊन. फाइलमध्ये इंग्रजी अक्षरांचेच संकेतांक असत. त्यांच्या जागी देवनागरीचे तुकडे दाखवणारा फॉन्ट चढवला की मराठी दिसे, नाहीतर पडद्यावर कचरा. इंटरनेट एक्सप्लोरर आणि नेटस्केप यांनी पानासोबत फॉन्ट पाठवण्याच्या आपापल्या, परस्परांशी न जुळणाऱ्या पद्धती काढल्या होत्या, त्यामुळे एकाच बातमीचे नशीब वाचकाच्या ब्राउझरवर ठरे. शोधयंत्राला त्या पानांत मराठी सापडणे शक्यच नव्हते, कारण तिथे मराठी नव्हतीच. तिचे चित्र होते. विंडोज २००० मध्ये देवनागरीची अंगभूत सोय आणि 'मंगल' हा फॉन्ट आला. त्याची अक्षरे घडवली आयआयटी मुंबईच्या औद्योगिक आरेखन केंद्रात शिकवलेले सुलेखनकार आर. के. जोशी यांनी. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला. तिथून पुढची मराठी शोधता येते. त्याआधीच्या दशकातली बरीचशी वेबवरची मराठी जतन झाली असली तरी वाचता येत नाही, आणि तिचे रूपांतर हे कुणीतरी प्रबंधासाठी घ्यावे असे काम आहे. छापखान्यांत जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर आजही युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो, आणि त्या बदलात पहिले बळी जातात ते रफार आणि पहिली वेलांटी.

हे दोघेच का, याचे उत्तर या क्षेत्राच्या गाभ्याशी नेते. 'किती' हा शब्द घ्या. फाइलमध्ये आधी 'क', मग त्याची वेलांटी, उच्चाराचा क्रम. पडद्यावर वेलांटी आधी, 'क' नंतर, लेखणीचा क्रम. 'मूर्ती'त तर सहा संकेतांक आहेत: म, दीर्घ ऊकार, र, हलन्ताचे चिन्ह, त, दीर्घ ईकार. त्यातल्या तिसऱ्या आणि चौथ्याने मिळून रफार व्हायचे, आपली जागा सोडायची आणि 'ती'च्या डोक्यावर, तेही ईकाराच्या उजवीकडे जाऊन बसायचे. साठवणीचा क्रम आणि दिसण्याचा क्रम यांमध्ये जी आज्ञावली काम करते तिला शेपर म्हणतात. क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड आणि लिबरऑफिस या सगळ्यांत हार्फबझ नावाचा एकच मुक्त शेपर आहे. तो मजकुराचे अक्षरगट पाडतो, त्यातले मूळ व्यंजन ठरवतो, रफार बाजूला काढून शेवटी नेतो, ऱ्हस्व इकार पुढे आणतो, आणि मग फॉन्टला विचारत जातो: 'क्ष'साठी तुझ्याकडे स्वतंत्र आकार आहे का? 'त्'चे अर्धे रूप आहे का? नसेल तर हलन्त दाखवून वेळ निभावतो. ही प्रश्नोत्तरे ओपनटाइप या रचनेत बांधलेली असतात. मायक्रोसॉफ्ट आणि अडोबी यांनी ती १९९६ मध्ये जाहीर केली. निर्णयसागरसारख्या छापखान्यात जोडाक्षरांचे खिळे हाताने निवडून जुळवणाऱ्या कंपोझिटरचे सारे ज्ञान आता या कोष्टकांत उतरले आहे. फरक इतकाच की कंपोझिटर चुकला तर एका पानावर चुके, संगणकातली चूक एकदम सगळीकडे पसरते. २०१८ च्या फेब्रुवारीत तेलुगूतला 'ज्ञा' एका विशिष्ट क्रमाने लिहून पाठवला की तो दाखवू पाहणारे आयफोनवरचे ॲपच बंद पडू लागले, ॲपलला ११.२.६ ही दुरुस्ती तातडीने काढावी लागली. एक जोडाक्षर जगभरचे फोन अडवू शकते, ही घटना या विषयाच्या पहिल्या तासाला सांगण्याजोगी आहे.

पडद्यावर मात्रा किंवा वेलांटी एखाद्या तुटक टिंबांच्या वर्तुळावर बसलेली कधी दिसली असेल. तो शेपरचा निरोप असतो: या चिन्हाला व्यंजन मिळाले नाही. शब्दातले एकेक अक्षर उडत येऊन बसते असे देखावे ज्या संकेतस्थळांना आवडतात तिथे हा निरोप हमखास येतो, कारण शब्द फोडणारी ओळ इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून लिहिलेली असते.

आता कऱ्हाडला येऊ. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे दोन वेगळे लोक आहेत, हे मराठी शाळेत शिकलेल्याला सांगावे लागत नाही. एकांना वंदन करायचे, दुसऱ्यांना स्वयंपाकाचे विचारायचे. संगणकाला मात्र 'र' अधिक हलन्त अधिक 'य' म्हणजे रफार एवढेच ठाऊक. मग 'दऱ्या', 'वऱ्हाड', 'कऱ्हाड' यांतला आडवा, पापणीसारखा 'र' कसा लिहायचा? इस्कीने त्यासाठी 'ऱ' हा नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला, वर्ण वापरायचे ठरवले आणि युनिकोडने ते मानले. पण युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीत वेगळी रीत होती: 'र', हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा, शून्य रुंदीचा जोडक. तसा लिहिलेला जुना मजकूर मोडू नये म्हणून ती रीतही चालू ठेवली गेली. शिवाय 'ऱ' हे एकसंध अक्षर म्हणून लिहिता येते, तसे 'र' अधिक नुक्ता असेही. म्हणजे डोळ्यांना तंतोतंत सारखे दिसणारे 'कऱ्हाड' फाइलमध्ये तीन तऱ्हांनी असू शकते. पैकी एकसंध 'ऱ' आणि नुक्त्याचा 'र' या दोन तऱ्हा युनिकोडच्या एकरूपीकरणाच्या नियमांनी एक होतात. जोडकाची तिसरी तऱ्हा त्या नियमांच्या बाहेर आहे. गावांची यादी, मतदारयादी, ग्रंथालयाची सूची असे काहीही बांधताना याचा विचार केला नाही, तर नोंद असूनही शोध रिकामा येतो, आणि पडद्याकडे कितीही वेळ बघितले तरी कारण दिसत नाही.

'ॲ'ची गोष्ट याच जातीची. हे अक्षर मराठीला लागते. हिंदीत तिथे 'ऐ' किंवा 'ए' चालवून घेतात. युनिकोडमध्ये त्याला स्वतःची जागा मिळाली ती २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. तोवर 'अ'वर चंद्र काढून काम भागवले जाई, आणि सवयीने ते आजही चालू आहे. दोन्ही रूपे सारखीच दिसतात, एकरूपीकरण त्यांना एक मानत नाही. महाराष्ट्रातल्या वकिलांच्या नावांची यादी करून 'ॲड.' शोधून बघावे. निम्मे वकील बेपत्ता झाले तर नवल वाटू नये.

काही निर्णय मुंबईतही झाले आहेत. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये मराठी वर्णमाला आणि अक्षरांची वळणे प्रमाणित केली. त्यात 'ल' पाकळीचा आणि 'श' देठाचा, ही मराठीची जुनी ओळख पुन्हा पक्की केली. संगणकावरचे बहुतेक देवनागरी फॉन्ट मात्र ही दोन अक्षरे हिंदी वळणाने दाखवतात, आणि वाचक समजतात की फॉन्टच परका आहे. पुष्कळदा तसे नसते. ओपनटाइपमध्ये भाषेनुसार आकार बदलण्याची सोय आहे. मराठी 'ल' आणि 'श' अनेक फॉन्टांत आधीपासून बसवलेले असतात. त्यांना हाक मारायची तर पानाच्या सुरुवातीच्या एचटीएमएल खुणेत भाषा 'एमआर' म्हणून सांगावी लागते. तिथे 'एचआय' असेल, किंवा तयार साच्यातून आलेले 'ईएन' तसेच राहिले असेल, तर ते आकार फॉन्टमध्ये असूनही निजून राहतात. एवढ्या स्वस्तात मिळणारी दुसरी सुधारणा मला माहीत नाही. 'एमआर' या खुणेवरूनच पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी आज्ञावली आपले पान कोणत्या उच्चारात मोठ्याने वाचायचे हे ठरवते, आणि अंधांच्या दृष्टीने ती सुधारणा 'ल'च्या पाकळीपेक्षा कितीतरी मोठी आहे.

मोजणीकडे वळू, कारण या विषयातले माझे आवडते उदाहरण तिथे आहे. 'महाराष्ट्र' या शब्दात अक्षरे किती? छंदशास्त्र शिकलेला कुणीही चार म्हणेल: म, हा, रा, ष्ट्र. जावास्क्रिप्टला शब्दाची लांबी विचारली तर ती दहा सांगते. काना आणि हलन्त तिला वेगळे मोजायचे असतात. वेबवर मजकूर ज्या यूटीएफ-८ संकेतात फिरतो त्यात देवनागरीच्या प्रत्येक संकेतांकाला तीन बाइट लागतात, म्हणजे तीस. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये हा संकेत रचला तेव्हा इंग्रजीला एकच बाइट पुरावा हे पथ्य पाळले होते, त्याची किंमत आपण अशी भरतो. हाच शब्द पत्त्याच्या पट्टीत गेला की प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह तीन अक्षरांत लिहिला जातो, झाले नव्वद. मराठी लेखाचा दुवा कुणाला पाठवला की जो अजगर चिकटतो तो हाच. एसएमएसमध्ये इंग्रजीची १६० अक्षरे मावतात आणि देवनागरी आली की मर्यादा ७० वर येते, त्यामागेही असाच जागेचा हिशेब आहे.

चार, दहा, तीस, नव्वद. यात अजून एक आकडा आहे: सहा. वाचकाला 'एक अक्षर' वाटणारा तुकडा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो याचे युनिकोडचे स्वतंत्र नियम आहेत. त्यांनुसार काना-मात्रा व्यंजनाला चिकटत, पण हलन्तानंतर गट तुटे. 'ष्', 'ट्' आणि 'र' हे तीन तुकडे होत, म्हणून 'महाराष्ट्र' सहाचा. सप्टेंबर २०२३ च्या १५.१ आवृत्तीत नियम बदलला, देवनागरीसह काही भारतीय लिप्यांतली जोडाक्षरे अखंड धरली जाऊ लागली, आणि संगणकाचे उत्तर प्रथमच छंदशास्त्राच्या उत्तराशी जुळले. गणवृत्तांची शतकानुशतकांची मोजणी संगणकाला समजायला २०२३ उजाडले, यावर हसावे की हळहळावे हे ज्याने त्याने ठरवावे. हा नियम वापरणारे 'इंटल-सेगमेंटर' हे साधन क्रोममध्ये आणि सफारीत आधी आले, फायरफॉक्समध्ये २०२४ मध्ये. शब्द अक्षरांत फोडायचा तर तेच वापरावे. आणि शीर्षकातली अक्षरे लांब लांब ठेवण्याची हौस देवनागरीत करू नये. शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटतो. इंग्रजीत ती शोभा असेल.

क्रमवारीबद्दल एवढेच सांगतो की संकेतांकांच्या क्रमाने यादी लावली तर 'ळ' हा 'ल'च्या लगेच मागे येतो, आपल्या वर्णमालेत तो 'ह'नंतर आहे. सीएलडीआरमध्ये मराठीचा क्रम वेगळा नोंदलेला आहे. तो मागावा लागतो, आपोआप मिळत नाही.

फॉन्टांची स्थिती मात्र आनंदाची आहे. पुण्यात रेड हॅट कंपनीने सांभाळलेला 'लोहित', मुंबईच्या 'एक टाइप' या गटाचे 'मुक्ता' आणि 'बलू' हे फॉन्ट कुणालाही मुक्तपणे वापरता येतात. अडचण वजनाची आहे. जोडाक्षरांमुळे देवनागरीची फाइल रोमनपेक्षा भारी होते, आणि ठळक, मध्यम, बारीक अशा प्रत्येक रूपाची फाइल वेगळी. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या व्हेरिएबल फॉन्टने ही सगळी रूपे एका फाइलमध्ये आणली. पानाला लागतील तेवढेच आकार तुकड्या-तुकड्याने मागवण्याच्या पद्धतीवर वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियममध्ये काम चालू आहे. खेड्यातल्या फोनवर मराठी पान किती लवकर उघडेल, याचा या कामाशी थेट संबंध आहे.

'नवे तंत्रज्ञान' म्हणून जे मिरवते त्यातले दोन धागे इथे येऊन मिळतात. पहिला वेबअसेंब्लीचा. ब्राउझरमध्ये यंत्रभाषेच्या जवळपास वेगाने आज्ञावली चालवणारी ही रचना डिसेंबर २०१९ मध्ये अधिकृत मानक झाली. हार्फबझच्या कर्त्यांनी २०२३ मध्ये प्रयोगादाखल तिची सोय शेपरमध्येच केली. याचा अर्थ फॉन्टने ठरीव कोष्टकांवर थांबायचे नाही; आपल्या लिपीचे नियम सांगणारी आज्ञावली त्याने बरोबर बाळगायची. या सोयीचा वापर करून २०२४ मध्ये एका खटपट्याने फॉन्टच्या फायलीत चक्क एक छोटे भाषा-प्रतिमान बसवले. उद्गारचिन्हे टंकत जावीत, फॉन्ट त्यांच्या जागी गोष्ट रचून दाखवतो. फाइलमध्ये मात्र उद्गारचिन्हेच राहतात. हा खेळ आहे, आणि ब्राउझरांनी ही सोय सुरू केलेली नाही, ते बरेच आहे. पण दिसते ते आणि साठवले जाते ते यांत केवढे अंतर पडू शकते, हे त्याच्याइतके लख्ख कुणी दाखवलेले नाही. गंभीर उपयोगही आहे. मोडी लिपीला २०१४ मध्ये युनिकोडच्या ७.० आवृत्तीत जागा मिळाली, तरी लेखणी न उचलता लिहिलेली, अक्षरागणिक वळण बदलणारी दप्तरी मोडी कोष्टकांत बसवणे अवघड आहे. पेशवे दप्तराच्या कागदांसारखी दिसणारी मोडी पडद्यावर उमटवायची असेल तर असल्या फॉन्टचा विचार करावा लागेल. (जाता जाता: मोडीच्या प्रत्येक संकेतांकाला यूटीएफ-८ मध्ये चार बाइट लागतात आणि जावास्क्रिप्ट तो दोनदा मोजते. वरचे सगळे आकडे मोडीसाठी पुन्हा काढून बघण्यासारखे आहेत.)

दुसरा धागा भाषा-प्रतिमानांचा. ही प्रतिमाने मजकूर अक्षरांत वाचत नाहीत, 'टोकन' नावाच्या तुकड्यांत वाचतात, आणि ते तुकडे पुष्कळदा बाइटांवरून पाडले जातात. जिथे प्रशिक्षणात इंग्रजी भरपूर आणि मराठी चिमूटभर, तिथे इंग्रजी शब्द एका तुकड्यात मावतो आणि मराठी शब्दाचे डझनभर होतात. तुकड्यांवर पैसे, तुकड्यांवर वेळ, तुकड्यांवर स्मरणाची मर्यादा. तेव्हा एकाच प्रश्नाचे मराठीत अधिक मोल पडते. मे २०२४ मध्ये ओपनएआयने जीपीटी-४ओ जाहीर करताना नमुन्यादाखल दिलेले मराठी वाक्य पूर्वीच्या ९६ तुकड्यांऐवजी ३३ तुकड्यांत बसले. सुधारणा मोठी आहे. पण आधी तिपटीच्या आसपास भुर्दंड होता, ही कबुलीही त्यातच आहे. पुण्यातल्या एल३क्यूब गटाने मराठीसाठी स्वतंत्र मजकूरसंग्रह आणि 'महाबर्ट'सारखी प्रतिमाने खुली केली आहेत. त्यांच्या संग्रहाची गुणवत्ता शेवटी वरच्याच प्रश्नांवर ठरणार: त्यात 'ॲ' किती प्रकारांनी लिहिला आहे, पापणीचा 'र' कोणत्या क्रमाने आला आहे, जुन्या फॉन्टमधून बदललेल्या मजकुरात रफार जागेवर आहेत की नाहीत. हे तपासायला मोठी यंत्रे लागत नाहीत. नजर लागते, आणि शंका.

या निर्णयांच्या खोल्यांत मराठीचा आवाज क्षीण आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. दारे बंद आहेत म्हणून तसे झालेले नाही. युनिकोड आपले प्रस्तावित बदल लोकांच्या अभिप्रायासाठी मांडतो. भारतीय लिप्यांच्या मांडणीच्या गरजा सांगणारा दस्तऐवज वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने खुला ठेवला आहे. हार्फबझ, क्रोमियम, फायरफॉक्स यांच्या तक्रारवह्यांत कुणीही लिहू शकतो. तिथे 'मराठी नीट दिसत नाही' एवढे लिहून भागत नाही. कोणता शब्द, कोणते संकेतांक, कोणता फॉन्ट, कोणती आवृत्ती, काय दिसायला हवे आणि काय दिसते, हे क्रमाने सांगावे लागते. अशी नीट लिहिलेली तक्रार मी या क्षेत्रातले खरे संशोधन मानतो, मग तिच्यावर कुणी पदवी देवो न देवो.

नव्याने येणाऱ्याने पुढची पाने वाचायला बसण्यापूर्वी एक करावे. आपल्या ओळखीतल्या एखाद्या शाळेचे, ग्रंथालयाचे किंवा नियतकालिकाचे मराठी पान उघडून त्याचा स्रोत पाहावा आणि पहिल्या काही ओळींत भाषा कोणती सांगितली आहे ते वाचावे. ती 'एमआर' नसेल, तर पान चालवणाऱ्यांना आजच तसे कळवावे.